आधी तार, मग नळी

विमान आपली शिदोरी वाटेत स्वतःच खातं,
हे मला बाबांनी सांगितलं, गॅन्डरच्या धावपट्टीवर.
मी नऊ वर्षांची, नाकाचा शेंडा बधिर,
आणि ते पंखाखाली उभे, नळी खांद्यावर.
"रोवेना, तीन पिंपं भरली ना,
तर त्यातलं एक उरलेली दोन वाहून न्यायलाच जळतं बघ."

बर्लिनहून हवानाला निघालेलं विमान होतं ते.
माणसं उतरून काचेमागे कॉफी पीत होती.
त्यातलं एखादं परत चढायचंच नाही,
आमच्याच गावात राहून जायचं, हातात एक पिशवी घेऊन.
"तेवढंच हलकं," बाबा म्हणायचे
आणि डब्यातला सँडविच काढून त्याच्याकडे पाठवायचे.

त्यांचा नियम एकच: आधी तार, मग नळी.
तांब्याची तार विमानाला चिमट्याने लावायची,
इतक्या ढगांना घासून आलेलं अंग ते,
त्याच्यात काय साठलंय कोणाला ठाऊक.
आधी ते जमिनीत उतरू द्यायचं,
मगच इंधन.

नंतरची विमानं थांबेनाशी झाली.
पोटं मोठी झाली त्यांची. आमच्या डोक्यावरून
रात्री रेघा ओढत जायची युरोपला,
आणि बाबांच्या हातमोज्यांतला रॉकेलचा वास
दोन हिवाळ्यांत उडून गेला.

आता मी माँट्रिअलला पंख आखते.
माझ्या विमानाला मी अर्धीच शिदोरी देते.
टाकी लहान, म्हणून पंख लहान,
पंख लहान म्हणून चाकं हलकी,
चाकं हलकी म्हणून पुन्हा पंख थोडा लहान.
वजाबाकी घसरत राहते
एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ सुटल्यासारखी,
आणि मला थांबावंसं वाटत नाही.

उरलेलं इंधन समुद्रावर मिळेल.
टँकर मागून येईल, खालच्या अंगाने;
पुढून आला तर त्याच्या पंखांनी ढवळलेली हवा
तीनशे जणांच्या चहात उतरेल.
म्हणून देणारा मागे, घेणारा पुढे.
घेणाऱ्याने फक्त सरळ जायचं.
वीस मिनिटं.
कोणी बाळाला पाजत असेल, कोणाची मान
शेजारच्या अनोळखी खांद्यावर कलली असेल,
आणि त्यांच्या पायांखाली, दहा किलोमीटर उंचीवर,
एक लांब नळी अंधारात चाचपडत वर येत असेल.

मदाम थिबोदो चष्मा पुसत विचारतात, दर बैठकीत,
"आणि नाही जुळलं तर?"
त्यासाठी तक्त्यात एक रकाना आहे.
नाही जुळलं तर जवळच्या विमानतळावर पोचेल
इतकं इंधन कायम शिल्लक ठेवायचं.
तेवढं ओझं मला कमी करता येत नाही.
मी खूप प्रयत्न केला.
रकान्यात विमानतळाचं नाव लिहायचं होतं.
मी गॅन्डर लिहिलं.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं.
एक्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं,
नफा-तोटा, टक्के, काही विचारलं नाही.
म्हणाले, "तार कुठे लावणार?"

मी म्हटलं, तिथे जमीन नाही, बाबा.
दोन विमानं, दोघांनी वेगवेगळे ढग घासलेले.
नळी टेकता टेकता एक ठिणगी उडते,
दोघांच्यात जे कमीजास्त असेल ते सारखं होतं.
मग इंधन.

"म्हणजे पहिला चटका कोणीतरी खायचाच."

नळीचं टोक खातं, मी म्हणाले. तसं बनवलंय.

पलीकडे केटली शिट्टी घालत होती, त्यांना ऐकू येत नसावी.
"इथे आज धुकं आहे," ते म्हणाले,
"कुंपणसुद्धा दिसत नाही.
धावपट्टीचे दिवे मात्र लावलेत त्यांनी.
सगळे."