टपल

पहाटे चारला मार्केट यार्डात
झेंडूचा भाव माझ्या यादीत उतरतो
आणि उतरल्या उतरल्या बदलतो.
चाळीस. पस्तीस. सासवडचा टेम्पो आला, अठ्ठावीस.
कुदळे अडते गाळ्यातूनच ओरडतात,
"ओ मॅडम, ते तीस करा!"
करते.
यादी कुणालाच नाही म्हणत नाही.

साडेनऊला मी तिचा टपल करते.
एक ओळ. कंसात यादी, बस्स.
"टपली?" पहिल्या दिवशी कुदळे हसले होते,
"कुणाला मारताय?"
कुणाला नाही, काका. हा आता बदलत नाही.
यादी शेजारी चालू राहील, ह्याला हात लागणार नाही.
"म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."
मलाही तसंच वाटायचं.

तो कशाचाही होतो.
खतावणी दिली तर नुसती नावं ठेवतो,
रकमा बाहेर सांडतात
(पुण्यातच शिकला असणार).
रिकाम्या वेळात हमालाचं नाव देऊन पाहिलं, गेनबा.
ग सुटा, न सुटा, ब सुटा,
आणि मात्रा एकटीच
ठिपक्यांच्या गोलावर टेकलेली,
अक्षर शोधत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी
बंद टपलातला भाव हलला.
यवतच्या मुलाणीबाई चिठ्ठी घेऊन जिना चढल्या.
चिठ्ठीवर शेवंती बासष्ट, बॉलपेननं,
माझ्या पडद्यावर चोपन्न.
"तुमचं मशीन खोटं बोलतं का माझे डोळे?"
मी खुर्ची दिली. पाणी दिलं. कोड उघडला.

टपल जागच्या जागी होता.
पण त्याच्या आत प्रत्येक शेतकऱ्यामागे
मी एक छोटी यादी ठेवली होती,
उघडीच.
बाहेरून कडी, आत खिडकी.
दहा वाजता कुणीतरी तिथून हात घातला होता.
कुणी, ते मी विचारलं नाही.
गाळ्यात कुदळे पाकळ्या झाडत होते,
बराच वेळ.

त्या दुपारी जेवले नाही.
आतून बाहेर एकेक यादी गोठवत आले,
आधी वजनं, मग भाव, मग माणसं.
शेवटी मुलाणीबाईंचा आकडा वेगळा ठेवला.

एकटाच असला की नुसता कंस पुरत नाही त्याला,
कंसात तो साधा आकडाच राहतो.
म्हणून बासष्ट लिहिलं
आणि मागे, कुणी येणार असल्यासारखा,
एक स्वल्पविराम.