वरचा बाण

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीच्या मागल्या खोलीत
एक काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी चौकट.
माऊस उंदरानं नेला, म्हणायचे शेठजी
आणि स्वतःच हसायचे.

दस्तगीर शिकलगारांनी मला खुर्ची दिली तेव्हा
त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता.
म्हणाले, "पोरी, आधी पीडब्ल्यूडी मार."
मला वाटलं बांधकाम खातं.
"नव्हं. इचारायचं, मी कुठं उभा हाय?
ज्याला उभा कुठं हाय ते ठाऊक न्हाई
त्यानं काय पुसू नये."

मग एलएस. दार उघडून बघायचं, आत काय काय.
सौदे. तोलाई. हमाली. उधारी.
आणि 'नवीन-खरंच-नवीन' नावाचा एक फोल्डर
ज्याची त्यांची त्यांनाच लाज वाटायची.
सीडीला ते शिडीच म्हणत.
"शिडी, जागा सोड, दोन टिंबं. आलो वर."
जागा सोड, हे दहादा सांगायचे.
ढेपेढेपेत वारा खेळला पाहिजे,
न्हाईतर गूळ पाणी सोडतो.

आरएम शिकवताना मात्र उठून उभे राहिले.
"हितं केराची टोपली न्हाई.
म्हादबाच्या पाठीवरनं ढेप पडली
तर चुरा तरी गोळा करता येतो."

जूनमध्ये ते घरी बसले.
सप्टेंबरात मी जागा सोडली,
नको तिथं,
एका नावाच्या आणि चांदणीच्या मधे.
एंटर.
पडदा काहीच बोलला नाही.
काम झालं की गप्प, हा त्याचा स्वभाव.
एलएस मारलं, तर त्याच्यापुढं काही नाही.
सात वर्षांची उधारी,
कागलचे, मुरगूडचे, गगनबावड्याचे गुऱ्हाळवाले,
सगळे एका श्वासात फिटले.

बाहेर सौदा चालू होता.
हात थंड पडले म्हणून असेल,
किंवा दुसरं काही सुचेना म्हणून,
मी वरचा बाण दाबला.
माझी चूक परत समोर आली.
पुन्हा वर. पुन्हा वर.
माझ्या ओळी संपल्या, त्यांच्या लागल्या.
चुकलेलं स्पेलिंग, लगेच दुरुस्त केलेलं.
तारीख विचारलेली, एकाच रात्री नऊ वेळा.

आणि मग सीपी. सगळी उधारी उचलून
'माळा' नावाच्या डिस्कवर.
त्याच्या आगेमागे इको.
इकोला काही काम नसतं,
जे लिहाल ते तो परत म्हणून दाखवतो, बस.
रोमन अक्षरांत, कारण त्या पडद्याला मराठी येत नव्हतं:
पाणी पहिल्या पायरीवर.
तोलाई झाली, हमाली ऱ्हायली.
पाणी दुसऱ्या पायरीवर.
लाईट हाय अजून.
पाणी तिसऱ्या

जयंती नाला उलटा फिरला होता त्या रात्री.
दुकानात एकटे होते, हे कधी बोलले नाहीत.

डिस्क खरंच माळ्यावर होती,
तेलाच्या डब्यात, गोणपाटात गुंडाळलेली.
पुरापर्यंतचं सगळं मिळालं.
पुढचे चौदा महिने मी पट्ट्यांवरून हातानं भरले,
अकरा दिवस, दोन्ही रविवार धरून.

बाराव्या रात्री गंगावेशीत गेले.
म्हशी उभ्या होत्या, धार चालू होती,
ते कट्ट्यावर बसून फेसाळ पेला पीत होते.
सगळं सांगितलं. चांदणीचंही.
शिव्या खायची तयारी होती.
म्हणाले, "बॅकअप कवा घेतलास?"
"आज. दोन ठिकाणी."
"तीन कर."

मग मी विचारलं,
तिसऱ्या पायरीनंतर ओळ अर्धीच का?
त्यांनी ओठांवरची दुधाची मिशी पुसली.
"की-बोर्ड डोस्क्यावर हुता तवा," म्हणाले,
आणि गवळ्याला खूण केली,
माझ्यासाठी एक, बिनसाखरेचं.
मला साखर लागते.
तसंच प्याले.