नागपूर ४

ताकसांडे मास्तरांनी टीव्ही आणला सायकल-रिक्षातून,
सतरंजीत गुंडाळून, मांडीवर अर्धा,
आजारी बकरी आणावी तसा.
मे महिना. दुपारचा एक.
सीताबर्डीच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा
एटीएमच्या गारव्यात पसरलेली.

"पोरी, याले ते फुकटवाली डिश जोडून दे."
मास्तर, नवा घ्या ना, भिंतीवर टांगता येतो.
"भिंत माही पोपडे सोडते. हा खाली रायते, बरा रायते."

लाकडी शटर, डावीकडून अडकणारं.
आत चाळीस वर्षांची धूळ, पालीचा एक सांगाडा,
आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं
माझ्या बापाचं अक्षर:
१७-११-८४. लाइन आउटपुट बदलले. पैसे बाकी.

मी वाचलं आणि पुठ्ठा पालथा ठेवला.

बापानं शिकवलेलं पहिलं:
एक हात खिशात ठेवायचा, नेहमी.
माझ्या कुर्त्यांना खिसा नव्हता
तर त्यानं आईकडून शिवून घेतला, सगळ्यांना, एका रविवारी.
दुसरं: बंद टीव्हीवर भरवसा नाही.
आपल्याकडच्या भिंती रात्री दोनपर्यंत ऊन सोडत नाहीत,
ट्यूबही तशीच वीज धरून बसते.
स्क्रूड्रायव्हर टेकवला. चट्.
झाली ओळख.

कंडेन्सर फुगलेले, नासलेल्या दुधाच्या पिशव्यांसारखे.
सहा काढले, सहा घातले.
मग खरी पंचाईत:
डिशचा डबा आकड्यांत बोलतो
आणि याला कळतात फक्त लाटा,
त्याही त्या चपट्या दुतारी वायरनंच आलेल्या.
मधे एक दुभाषा बसवला, काडेपेटीएवढा.
तो आकडे ऐकतो आणि चॅनेल तीनवर
जुन्या भाषेत सांगतो.

खटक. खटक. तीन.
आधी मुंग्या आल्या.
"आहेत अजून!" मास्तर असे म्हणाले
जसं गावात कुणी ओळखीचं भेटलं.
मग मुंग्यांतून निळसर बातम्यांची बाई,
जरा लांबुडकी, पण स्वच्छ.
पडदा आताचा आडवा, काच तेव्हाची चौकोनी:
दोन्हीकडचं थोडं थोडं बाहेरच राहिलं,
तिच्या खांद्यामागचं शहर,
पट्टीवरच्या बातमीची शेपटी,
आणि उजव्या कोपऱ्यातलं तापमान.
आम्ही दोघांनी वाचलं:
नागपूर ४

सहाचा आकडा काचेबाहेर कुठेतरी
उन्हात उभा असणार.

थांबा मास्तर, रुंदीची कॉइल आहे आत,
थोडी फिरवली की बसतं सगळं,
वरखाली काळ्या पट्ट्या येतील एवढंच.
मी पाठीमागे वाकलेही.
मास्तर घामानं चिकटलेला सदरा पाठीपासून सोडवत,
कोपऱ्यातल्या त्या एका आकड्याकडे बघत
बराच वेळ गप्प.
"रायू दे," म्हणाले.
"चारच बरं हाय. रायू दे वो."

पुठ्ठा बसवण्याआधी पेन्सिल शोधली.
बापाच्या ओळीखाली जागा होती:
मॉड्युलेटर जोडला. कंडेन्सर सहा.
रुंदी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तशीच.