दुसरा कॅमेरा

प्रज्योत हुंदरे पुढे असतो, फोन छातीशी धरून.
मी रस्त्यापलीकडे, पानपट्टीच्या आडोशाला.
दुसरा कॅमेरा माझा.
त्याचं बोलणं त्याच्या फोनमध्ये,
कुणी त्याला धरलंच
तर ते धरणं माझ्या फोनमध्ये.

नियम एकच, काही करायचं नाही.
सार्वजनिक जागेत नुसतं उभारायचं
आणि बघत राहायचं
आपलं उभारणं कुणाला सलतंय.

कॅम्पातल्या लांब भिंतीवर पाटी आहे, फोटोला मनाई,
कन्नडमध्ये, हिंदीत, इंग्रजीत.
‘आपल्या भाषेत कुठाय? म्हणजे आपल्याला चालतंय की.’
पहिल्या तासात चार हजार लोक हसले.
मीही हसलो. फोन हलला, तेवढं कापावं लागलं.

खडेबाजारकडच्या चौकीतून
मडिवाळर हवालदार बाहेर आले, हातात अर्धा चहा.
‘एन माडाकत्तीरि?’
प्रज्योतनं पाठ केलेलं कलम म्हणून दाखवलं,
रामरक्षेसारखं, न अडखळता.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
मग आमच्यापेक्षा बऱ्या मराठीत म्हणाले,
‘उन्हात कशाला उभारलास, ह्या कडेला ये, सावलीला.’
आणि कप विसळायला आत गेले.

ती क्लिप पडून आहे.
सावलीला बोलावणाऱ्या पोलिसाचं करायचं काय?
निपाणीच्या स्टँडवर एकानं कॉलर धरली होती,
ती नव्वद हजारांनी बघितली.
त्या रात्री प्रज्योतनं धाब्यावर सगळ्यांचं बिल दिलं
आणि शर्टाचं तुटलेलं बटण
पाकिटात जपून ठेवलं.

मग शहापुरातली ती क्रेडिट सोसायटी.
दारात भरमू सुळगेकर,
एजन्सीचा गणवेश खांद्यावरून ओघळलेला,
कमरेला शिट्टी, तीही कधी न वाजवलेली.
तीस वर्षं वडगावात मागावर होता माणूस,
माग भंगारात गेले तेव्हा
स्टुलावर येऊन बसला.
‘काय करूलास बाळा? नको काढू, साहेब बोलतात.’
प्रज्योत म्हणाला, ‘कुठल्या कायद्यानं?’
भरमू म्हणाला, ‘ते मला काय ठाव,’
आणि त्यानं लेन्सवर हात ठेवला.

अख्ख्या स्क्रीनभर तळवा.
बोटांच्या पेरांवर सुतानं कापलेल्या जुन्या बारीक रेघा.
प्रज्योतनं तिथंच चित्र थांबवलं,
वर लाल अक्षरांत लिहिलं, दादागिरी.

आठ दिवसांनी दारात दुसरा पोरगा होता.
फोन दिसल्याबरोबर हसला,
म्हणाला, ‘काढा की सर, काढा.’
त्याला तसं सांगून ठेवलं असणार.
प्रज्योत म्हणाला, बघ, बदल होतो.

माझ्या फोनमध्ये ती अकरा मिनिटं अजून आहेत.
रस्त्यापलीकडून, मध्ये दोनदा रिक्षा जाते,
आवाज नीट येत नाही.
पण हात उचलायच्या आधी भरमू मान वर करतो,
दारावरच्या काळ्या घुमटाकडे,
सोसायटीच्या स्वतःच्या कॅमेऱ्याकडे.
एक पाऊल डावीकडे सरकतो,
त्याला आपण नीट दिसावं म्हणून,
आणि मगच आमच्यावर हात धरतो.

हे मी प्रज्योतला दाखवलं नाही.
दाखवलं असतं तर त्यानं त्याचाही व्हिडिओ केला असता,
त्यात बाण काढला असता, गोल केला असता.

शनिवारी गणपत गल्लीत भरमू दिसला,
मेथीच्या दोन जुड्या, पिशवी नव्हती, काखेत धरलेल्या.
मी मुद्दाम पुढं जाऊन विचारलं,
काका, बरं हाय नव्हं?
‘बरं हाय,’ म्हणाला.
म्हणताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.
शर्टाच्या खिशातून फोन जरासा वर आला होता,
त्याच्याकडे बघत होता,
आणि मोकळ्या हातानं
केस सारखे करत होता.