नऊशेवी प्रत

अँटवर्प. नदीकडच्या गल्लीतला छापखाना.
तांब्याच्या पत्र्यावर लाबानाच्या घरचं लग्न :
दिवट्या, पंगत, हाड चघळणारं एक कुत्रं
आणि मधोमध बुरख्यातली वधू.

मी मख्तेल्ड. शाई भरणं माझं काम.
जाळलेल्या वेलींची काजळी, जवसाचं तेल;
आधी चिंधीनं पुसायचं, मग तळहातानं,
रेघेत राहील तेवढंच काळं ठेवून.

योस्त कोरताना विसरला
की कागदावर सगळं उलटं उमटतं.
पहिली प्रत दोरीवर टांगली तेव्हा दिसलं :
याकोबानं वधूला डावा हात दिलाय.

मालक पत्रा फेकूनच मारणार होते.
तेवढ्यात पाद्रीबाबा आले,
चष्मा नाकावर दाबून बघत राहिले.
"फसवणुकीचं लग्न, म्हणून डावा हात! केवढा विचार!"
मालकांनी किंमत दोन स्टायव्हरनं वाढवली.
योस्त त्या दिवसापासून विचारवंत झाला.

मग ज्यानं त्यानं आपापलं वाचलं.
कापडवाला म्हणाला, कुत्रं म्हणजे निष्ठा.
त्याची बायको म्हणाली, कुत्रं म्हणजे कुत्रं,
हाडावर मांस किती ठेवलंय ते बघा.
लूवेनचा विद्यार्थी दिवट्या मोजत बसला.
वधूबद्दल कुणीच काही बोललं नाही.
बुरख्यात होती ना ती.

मीही थोरली.
माझा बापही म्हणाला होता,
थोरलीच्या आधी धाकटी उजवायची रीत नाही आपल्यात.
उजवली मला. कुणाच्या डाव्या हातात का होईना.
सकाळी नवरा खिडकीकडे तोंड करून
बराच वेळ बूट घालत होता.

पत्रा झिजतो, दर दाबाखाली थोडा थोडा.
नाजूक रेघा आधी जातात :
पाचशेनंतर दिवट्यांचा धूर,
सातशेनंतर कुत्र्याचे केस.
म्हणून जाणकार गिऱ्हाईक सुरुवातीच्याच प्रती मागतं.

नऊशेवी काढली तेव्हा अंधारत आलं होतं.
ओल्या कागदाचं टोक धरून उचललं,
आणि बुरखा नव्हता.
त्याच्याखाली योस्तनं कधीतरी
खोल कोरून ठेवलेला चेहरा,
जाड दोन रेघांचे डोळे,
ज्यांना शास्त्रात मंद म्हटलंय,
सरळ माझ्याकडे.

याकोब अजून पंगतीकडेच बघत होता.

मालक म्हणाले, फिकी आलीय, रद्दीत टाक.
टाकते म्हटलं,
आणि वाळायची वाट न बघता
घरी घेऊन आले.
लेआच्या खांद्याशी माझा अंगठा उमटलाय.
उजवा.