रकाना सातवा

रकाना सातवा : घेतलेली उचल.
काळू हिलम म्हणाला, आठ हजार.
भिवरी म्हणाली, सहाच. दोन तर
मुकादमानं घोटीच्या नाक्यावरच कापलं,
जीपचं आणि जेवणाचं.
मी आठ लिहिले, खोडले, सहा लिहिले.
साहेबांनी वर न बघता विचारलं, पुरावा?

इगतपुरीच्या तहसिलीत एप्रिलची दुपार.
बाकाशेजारी अकरा माणसं,
दारणाकाठच्या भट्टीवरून पहाटे उठवून आणलेली.
भुवयांवरसुद्धा लाल धूळ.
बाकावर बसायचं असतं हे त्यांना सांगावं लागलं.
सांगितलं शेवंता वाघेनं, त्यांच्याच बोलीत.
सव्वीस वर्षांपूर्वी तीही इथेच,
याच भिंतीला टेकून, आईच्या पदराचं टोक चघळत.
आता खांद्याला संघटनेची पिशवी
आणि कायदा तोंडपाठ, कलमांसकट.

भट्टीवाला वही घेऊन हजर.
वही नेटकी. पहिल्या पानावर हळदकुंकू.
वहीप्रमाणे चार हंगाम विटा थापूनही
काळूकडे एकोणीस हजार निघतात.
प्रत्येक पानाखाली अंगठा.
म्हणाला, बांधून थोडंच ठेवलंय, साहेब?
साखळी दाखवा कुठंय ती.
आणि आम्ही सगळ्यांनीच, मीसुद्धा,
त्यांच्या पायांकडे पाहिलं.

तेव्हा नवशी बोलली.
नवशी काळू हिलम. वय : अंदाजे दहा,
सिव्हिलच्या डॉक्टरांनी दात मोजून ठरवलेलं.
म्हणाली, हजार थापल्या की त्यो आठशेच धरतो.
तुला गं कसं कळलं?
रेघा मारल्यात. हजाराला एक.
कशावर?
घरात. कोळशानं.

घर म्हणजे कच्च्याच विटा रचून
कमरेइतकं उभं केलेलं काहीतरी, वर ताडपत्री.
आम्ही जीप काढली. पंच घेतले, कॅमेरा घेतला.
पोचलो तर घर नव्हतं.
जमिनीवर एक चौकोन, तीन दगडांची चूल,
तिच्या राखेत अजून ऊब.
कच्चा माल होता, मुकादम म्हणाला,
सकाळीच भट्टीत लावला.

नवशी धुराकडे बघत राहिली.
रडली नाही. म्हणाली,
सात इसा अन् दोन होत्या.

परतताना जीपमध्ये मी मनात आकडा मांडला.
एकशे बेचाळीस. वहीत एक लाख तेरा हजार सहाशे.
हजाराला आठशेनं बरोबर तेवढेच होतात.
पोरीनं वही कधी पाहिली नव्हती.

तरी पंचनाम्यात लिहावं लागलं : घर आढळून आले नाही.
शेवंतानं ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली,
कलम पंधरा बघा, भाऊसाहेब.
कर्ज वेठीचं नाही, हे दाखवायचं ओझं
उचल देणाऱ्यावर. घेणाऱ्यावर नाही.
साहेबांनी पुस्तक मागवलं. चष्मा पुसला.
मग भट्टीवाल्याला म्हणाले, दाखवा.
पहिल्यांदाच त्याला
हळदकुंकवाच्या वहीत काही सापडेना.

दिवेलागणीपर्यंत दाखले झाले. माणशी एक.
शिक्क्याची शाई मध्येच सुकली, थुंकी लावून भागवली.
काळूनं दाखला उलटा धरला होता.
विचारलं, हा कोणाला दाखवायचा?
शेवंता म्हणाली, कोणालाच नाही. जपून ठेव.
नवशीनं विचारलं, मागची बाजू कोरी आहे का?

आता माझं.
पाथर्डी फाट्याजवळ मी दोन खोल्या बांधतोय.
मे महिन्यात विटांचा ट्रक आला. विटांवर चांदणीचा ठसा.
त्या भट्टीचाही चांदणीच होता.
कोळशाची रेघ आगीत टिकत नाही, मला कळतं.
तरी रविवारभर एकेक वीट उलटून बघत बसलो.
गवंडी दोनदा विचारून गेला, साहेब, गिलावा कधी?

रेघ सापडली नाही.
पण उलटता उलटता मोजून झाल्या.
पावती तीन हजारांची. विटा तीन हजार भरल्या,
एक कमी नाही.

मला देताना तो बरोबर मोजतो.