पाच संत्रे

वरुडच्या शेडातून संत्रे निवडून परतले
की मान खांद्यात रुतलेली.
पेटीवर पडणारी हातोडी
अजून डोक्यातच.

बामची बाटली बोटानं खरवडून झाली.
मग नर्सबाईनं दाखवलं तसं :
कान खांद्याकडे, हळू,
पाच संत्रे मोजेपर्यंत.
मंग दुसरा.
मग तळहात भिंतीवर वर सरकवत
पालीच्या उंचीपर्यंत.

"काय वं, रातच्याला जाळे काढतं काय?"
पुंजाराम खाटेवरून हसायचा.

आज त्याची खाट करकरलीच नाही.
पाहते तं
भिंतीला हात लावून उभा,
डोळे मिटलेले,
तोंडातल्या तोंडात मोजत
तीनवर अडकलेला.

अंधारातून मी चार म्हटलं.

पाच कोणी म्हटलं
सकाळी दोघांनाही आठवेना.